वायरचे कॅमेरे की वायफायचे? विश्रामबागेतल्या एका घरासाठी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. आई-बाबा सांगलीत विश्रामबागेत राहतात, बाबांचं वय ७२, घर तळमजला आणि वर एक मजला. तुम्ही पुण्यात. गेट, पोर्च, मागची परसाची बाजू आणि हॉल अशा चार ठिकाणी कॅमेरे हवेत. इथला एक दुकानदार म्हणतो, वायरचेच घ्या. तुमचे मिस्टर म्हणतात, आता सगळं वायफायवर चालतं. आणि आई म्हणतात, दिवाळीला घर रंगवलंय, भिंतीला कुणी हात लावायचा नाही. यात कुणाचं ऐकायचं?

तिघांचंही थोडं थोडं ऐकावं लागेल. मी २००६ पासून सांगली, मिरज, कुपवाड भागात हेच काम करतोय. ४२० लाइनचे, म्हणजे धूसर चित्राचे कॅमेरे आणि पेटीएवढा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) होता तेव्हापासून. चोरी झाल्यावर फुटेज काढायला म्हणून मला बोलावतात, आणि बऱ्याचदा जे दिसतं ते असं असतं: कॅमेरा जागेवर, त्याचा दिवा लागलेला, आणि रेकॉर्डिंग तीन महिन्यांपासून बंद. घरात कुणाला पत्ता नाही. म्हणून गिऱ्हाईक वायर की वायफाय असं विचारायला लागलं की मी उलटा प्रश्न टाकतो, कॅमेरा बंद पडल्यावर शिडीवर कोण चढणार? तुमच्या घरी याचं उत्तर "कुणीच नाही" असं आहे. बाबांनी चढू नये, आईंना ते ॲप नको, आणि तुम्ही सव्वादोनशे किलोमीटरवर. तेव्हा ज्या कॅमेऱ्याकडं कमीत कमी बघावं लागेल तो घ्यायचा. पुढं जे सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

एक गैरसमज मात्र आधी दूर करतो. वायरलेस कॅमेऱ्याला वायर लागते. चित्र वायफायवरून जाईल, करंट कुठून येणार? त्याला ॲडॅप्टर हवा आणि ॲडॅप्टरला प्लग हवा. तुमच्या गेटच्या खांबावर प्लग आहे का? नसेल तर तो ओढावा लागेल, आणि तो असेल २३० व्होल्टचा, उघड्यावर, पावसात. डीव्हीआरला जोडलेल्या वायरच्या कॅमेऱ्याला जी केबल जाते तिच्यात १२ व्होल्ट असतात. म्हणजे भिंत वाचवायला म्हणून वायफाय घेतलं तर गेटपर्यंत वायर जातेच, फक्त जास्त धोक्याची जाते. ॲडॅप्टर बाहेर टांगलेला, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, अशी घरं मी रोज बघतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत तो जातो, आणि मग "कॅमेरा खराब निघाला" म्हणून फोन येतो.

खरोखर बिनवायरचा कॅमेरा एकच, बॅटरीवाला. तो दिसायला फार सोयीचा. चार स्क्रू मारले की झालं. पण बॅटरी वाचवायची म्हणून तो एरवी झोपलेला असतो. समोरून माणूस गेला की अंगाच्या उष्णतेवरून त्याला जाग येते आणि मग तो रेकॉर्ड करायला लागतो. तेवढ्या एक-दोन सेकंदांत गाडीवरून जाणारा पुढं गेलेला असतो. चोवीस तासांचं सलग रेकॉर्डिंग त्यात सहसा मिळत नाही. रस्त्याकडं तोंड करून लावला तर दर रिक्षागणिक जागा होतो आणि कंपनीनं सहा महिने सांगितलेली बॅटरी काही आठवड्यांत उतरते. गणपतीत तर विचारूच नका, मिरवणूक जाईपर्यंत मोबाईल थरथरतोय आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा मेलेला. मग तो काढून, घरात आणून, चार्जिंगला लावून परत चढवायचा. पुन्हा शिडी आलीच. वर छोटं सोलर पॅनेल लावता येतं, त्यानं बराच फरक पडतो, पण ते उन्हात पाहिजे, आणि तुमच्या मागच्या बाजूला आंब्याची सावली आहे असं तुम्हीच लिहिलंय.

आता वायरच्या कॅमेऱ्यांत दोन घराणी आहेत. दुकानदारानं तुम्हाला यातलं कुठलं सांगितलं ते विचारून घ्या, कारण कोटेशनवर सगळेच नुसतं "सीसीटीव्ही सेट" लिहितात.

पहिलं जुनं घराणं डीव्हीआरचं. प्रत्येक कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत एक केबल, तिला आम्ही थ्री प्लस वन म्हणतो. मधली जाड तार चित्राची, बाजूच्या तीन बारीक करंटच्या आणि आवाजाच्या. टोकाला बीएनसी कनेक्टर, म्हणजे फिरवून बसवायची गोल पिन. डीव्हीआरजवळ एक १२ व्होल्टचा सप्लाय बसतो, तो सगळ्यांना करंट देतो. जुनं म्हणून चित्र वाईट, असं आता राहिलेलं नाही. २ मेगापिक्सेल, म्हणजे १९२० बाय १०८०, यावर आरामात मिळतं, ५ मेगापिक्सेलही मिळतं. इंटरनेट बंद असो, राउटर जळो, याचं रेकॉर्डिंग थांबत नाही. आणि बिघडलं तर सांगलीत कुठल्याही गल्लीतला पोरगा दुरुस्त करू शकतो. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, पण आई-बाबांच्या घरासाठी मला तो मोठा वाटतो.

दुसरं घराणं आयपी कॅमेऱ्यांचं. यात कॉम्प्युटरच्या नेटवर्कची कॅट-६ केबल जाते, आणि त्याच एका केबलमधून चित्र आणि करंट दोन्ही जातं. याला पीओई म्हणतात. केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. चित्र जास्त स्वच्छ, पुढं कॅमेरे वाढवणं सोपं, पण रेकॉर्डर, केबल जोडायचा नेटवर्क स्विच, कॅमेरा सगळंच थोडं महाग. बंगला नवीन बांधत असाल तर मी डोळे झाकून हेच सांगेन. स्लॅब पडायच्या आधी पाइप टाकून ठेवा, कॅमेरे नंतर घ्या. चार कॅमेऱ्यांच्या तयार घराला डीव्हीआर पुरतो.

डीव्हीआरमध्ये गंडतं ते केबलमध्ये गंडतं. यात मी स्वतः तोंडावर पडलोय. बारा-पंधरा वर्षांपूर्वी मार्केट यार्डात हळदीच्या एका गोदामाला कॅमेरे बसवले. शेवटचा कॅमेरा लांब होता, ९० मीटरची अख्खी कॉइल संपली. दिवसभर चित्र छान. संध्याकाळी सात वाजले की पडदा काळा. मी कॅमेरा बदलला, पुन्हा तेच. दुसरा बदलला, तेच. शेवटी मीटर लावून बघितलं तेव्हा उजेड पडला. इकडून १२ व्होल्ट निघत होते, तिकडं पोचेपर्यंत साडेनऊच्या खाली येत होते. दिवसा कॅमेऱ्याचं तेवढ्यावर भागायचं. अंधार झाला की त्याच्या अंगावरचे इन्फ्रारेडचे दिवे लागतात, करंट जास्त ओढला जातो, बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा मान टाकतो. त्या टोकाला वेगळा ॲडॅप्टर दिला आणि प्रश्न मिटला. गोदामवाल्यांनी दोन कॅमेऱ्यांचे पैसे मात्र माझ्याच खात्यावर मांडले, आणि बरोबरच केलं.

तेव्हापासून केबल घेताना मी तिचं टोक चाकूनं खरवडून बघतो. वरून तांबूस आणि खरवडल्यावर आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. स्वस्त मिळतं, लवकर तुटतं आणि व्होल्टेज खातं. तुमच्या घरात सगळ्यात लांबची ओढ पंचवीस-तीस मीटरच्या पुढं जाणार नाही, तरी तांब्याचीच मागा. कोटेशनवर "कॉपर" असं लिहून घ्या.

आता मिस्टरांच्या वायफायकडं येतो. त्यांचं म्हणणं पुण्यातल्या फ्लॅटपुरतं अगदी योग्य आहे. दोन खोल्या, मधे राउटर, झालं काम. विश्रामबागेतल्या तीस वर्षांच्या बंगल्यात राउटर असतो हॉलमध्ये टीव्हीच्या मागं. तिथून गेटपर्यंत मधे नऊ इंची विटांची भिंत, लोखंडी ग्रिल, पोर्चचा पिलर, त्यात उभी केलेली गाडी. मागच्या बाजूला तर स्वयंपाकघर आणि बाथरूम ओलांडून जायचंय, आणि टाइल्स, पाणी, लोखंड हे तिन्ही वायफायचे वैरी. गावभागातल्या जुन्या वाड्यांमध्ये दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती असतात, तिथं तर राउटरच्या शेजारच्या खोलीत सिग्नल मिळत नाही. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो, त्यातली २.४ ची भिंतींतून जास्त आरपार जाते आणि स्वस्तातले बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. पण शेजारपाजारचे सगळे राउटरही त्याच पट्टीवर गर्दी करून बसलेले असतात.

हे तुम्हाला पुढच्या वेळी घरी गेल्यावर फुकटात तपासता येईल. रात्री नऊच्या सुमाराला, सगळ्यांचं नेट जोरात चालू असताना, दारं लावून घ्या. जिथं कॅमेरा लावायचा तिथं उभं राहून मोबाईल डेटा बंद करा आणि घरच्या वायफायवरून कुणाला तरी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करा. चित्र अडकलं तर कॅमेऱ्याचंही अडकणार. फोनचा अँटेना कॅमेऱ्यापेक्षा सहसा चांगला असतो, म्हणजे फोनवर जेमतेम चाललं तर कॅमेऱ्यावर चालेल असं धरू नका.

वायफायच्या कॅमेऱ्याचा खरा घात मात्र भिंत करत नाही, तो होतो राउटर बदलताना. नेटवाला पोरगा येतो, जुना डबा काढतो, नवा लावतो, नवं नाव, नवा पासवर्ड. बाबांच्या मोबाईलवर नेट सुरू झालं की तो गेला. चारही कॅमेरे त्या क्षणी अनाथ. त्यांना जुनंच नाव माहीत असतं, ते बिचारे जुन्या राउटरला हाका मारत बसतात. पुण्याहून तुम्ही ॲप उघडाल तेव्हा "ऑफलाइन" दिसेल आणि वाटेल लाईट गेली असेल. चार महिने असेच गेलेलं घर मी बघितलंय. यावर उपाय सोपा आहे: नव्या राउटरला अक्षर न् अक्षर जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला सांगा. कॅमेरे आपोआप जोडले जातात, शिडी लागत नाही. हे एका कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवून ठेवा, म्हणजे तुम्ही नसतानाही नेटवाल्याला बाबा कागद दाखवू शकतील.

रेकॉर्डिंग कुठं साठतं, हा यातला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग. वायफाय कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असतं, कॅमेऱ्याच्याच पोटात. चोरानं कॅमेरा उपटून नेला की पुरावाही त्याच्याच खिशात. कंपनीच्या क्लाउडवर साठवायची सोय असते, पण तिचे महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरावे लागतात, आणि तिथंही बहुतेक वेळा हालचालीचे तुकडे जातात, सलग चित्र जात नाही. वायरच्या सेटमध्ये हार्ड डिस्क घरात, कुलपात राहते. कॅमेरा फोडला तरी फोडणाऱ्याचा चेहरा आत उतरलेला असतो. डीव्हीआर टीव्हीशेजारी दिमाखात ठेवला तर मात्र तोच उचलून नेतात. तसं झालेलंही मी पाहिलंय, डीव्हीआर गेला आणि रिमोट तेवढा राहिला.

किती दिवसांचं राहतं याचा हिशेब दुकानदार "महिनाभर राहतं" असा ठोकून देतात. तुम्ही स्वतः करा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच २६५ या चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीनं साठवताना सेकंदाला साधारण २ मेगाबिट घेतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणून ८ नं भागलं की दिवसाला एका कॅमेऱ्याचे २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६ च्या वर. १ टीबीच्या डिस्कमध्ये अकरा दिवस बसतात. जुन्या एच २६४ वर याच्या निम्मे. आई-बाबा अधूनमधून पंधरा-वीस दिवस तुमच्याकडं येऊन राहतात म्हणालात, मग २ टीबी घ्या, आणि डिस्क सीसीटीव्हीसाठीची घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहायला बनवलेली नसते. वायफाय कॅमेऱ्यातलं १२८ जीबीचं कार्ड याच हिशेबानं साडेपाच दिवस पुरतं, आणि त्यातही साधं कार्ड सतत लिहून लिहून मरतं. मेल्यावर ते आवाज करत नाही.

लाईट गेल्यावर काय? चोर आले की सिनेमातल्यासारखं जॅमर-बिमर काही आणत नाहीत. गेटजवळच्या मीटरच्या पेटीतला मेन स्विच खाली ओढतात, बस्स. म्हणून डीव्हीआर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. चार कॅमेऱ्यांचा सेट चाळीस-पन्नास वॉटच्या आसपास खातो, पंख्यापेक्षाही कमी. १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर रात्र सहज निघते. इथं वायरच्या सेटचा मोठा फायदा असा की एका जागी इन्व्हर्टरची लाईन दिली की चारही कॅमेरे त्यावर आले. वायफायच्या कॅमेऱ्यांचे चार प्लग चार दिशांना, त्यातला गेटचा कधीच इन्व्हर्टरवर नसतो.

डीव्हीआर वरच्या मजल्यावर ठेवा हे सांगताना मला २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी गावभागात एका घरी मी डीव्हीआर जिन्याखालच्या कपाटात बसवला होता. जागा लपलेली, केबल कमी लागली, मीच खूश. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत चिखलाचा डबा. घरमालक काही बोलले नाहीत, पण नवा डीव्हीआर मी खरेदीच्या किमतीतच बसवून दिला आणि तोही माळ्यावर. तुमच्याकडं गावभागाइतकं पाणी येत नाही. तरी वरच्या मजल्यावरचा माळा चोरालाही अवघड आणि पाण्यालाही, मग खाली ठेवायचं कारण काय?

वायफायची बाजू घ्यावी अशी जागा नाही असं समजू नका. वळवाच्या पावसात आमच्याकडं विजा कशा कोसळतात तुम्हाला माहीत आहे. घर एकीकडं, गोठा नाहीतर द्राक्षबागेतलं शेड शे-दोनशे फुटांवर, आणि मधे उघड्या रानातून तांब्याची केबल, असं असलं की ती केबल विजेला आमंत्रणच. वीज थेट पडायलाही लागत नाही, जवळपास पडली तरी तारेतून झटका येतो आणि रेकॉर्डरचे पोर्ट जळतात. तासगाव, कवठे महांकाळ भागातल्या शेतकऱ्यांना मी मधली ओढ तांब्याची करू देत नाही. दोन टोकांना वायफायचे दोन छोटे रेडिओ एकमेकांसमोर लावायचे, किंवा ऑप्टिकल फायबर टाकायची, तिच्यातून करंट जातच नाही. नेटही नसलेल्या रानात सिम कार्डचा सोलर कॅमेरा चांगला चालतो, रेंज तेवढी तपासून घ्यायची. तुमच्या बंगल्यात हा प्रश्न नाही. अर्थिंग मात्र तपासून घ्या. तीस वर्षांच्या घरात अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी टाकला हे कुणालाच आठवत नसतं.

दुसरी वायफायची जागा तुमच्याच घरात आहे, ती म्हणजे हॉल. राउटर तिथंच, प्लग तिथंच, पाऊस नाही, शिडी नाही. टीव्हीच्या कपाटावर ठेवायचा. बोलायची सोय असलेला, मान फिरवणारा घ्या. आईंनी दुपारी फोन उचलला नाही की तुमचा जीव टांगणीला लागतो म्हणालात, त्यावर हा उपाय आहे. पण ताई, एक आगाऊपणा करतो. हॉलमधल्या कॅमेऱ्याबद्दल आई-बाबांना आधी विचारा. एका काकूंनी मला हळूच विचारलं होतं, "हा कुठनं बंद होतो रे?" मुलगा दिवसभर बघत असतो म्हणून त्यांना घरात पाय पसरून बसायची चोरी झाली होती. लेन्स झाकणारा कॅमेरा मिळतो, किंवा प्लगचं बटण हाताशी ठेवा, आणि ते बंद करायचा हक्क त्यांना द्या. त्यांनी बंद केला तर तुम्ही फोन करून कारण विचारायचं नाही.

राहिला आईंचा रंग. भिंत फोडायची गरज नाही. तिन्ही बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या केबल आम्ही गच्चीवरून नेतो. कठड्याच्या आतल्या बाजूनं पाइप, तो खालून कुणाला दिसतही नाही, आणि जिथं कॅमेरा आहे तिथं कोपऱ्यातून खाली सोडायचा. जिन्याच्या वरून एकच भोक आत, तेही बहुधा जुन्या डिशच्या केबलचं तयार असतं. पाइप जाड पीव्हीसीचा घ्या, पातळ पाइप आमच्या उन्हात दोन वर्षांत तडकतो आणि मग खारी आणि उंदीर केबल कुरतडतात. कॅमेऱ्यामागं प्रत्येक ठिकाणी छोटा बंद डबा हवा, जोड त्यात राहिला पाहिजे. भिंतीवर उघडा लोंबणारा, काळी पट्टी गुंडाळलेला जोड दिसला तर त्या माणसाला पैसे देऊ नका. केबल आत शिरायच्या आधी तिला खाली थोडा झोळ ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून ठिबकतं, भोकात शिरत नाही.

कुठला कॅमेरा कुठं, याबद्दल. गेटवर सगळे २.८ एमएमची लेन्स लावतात, कारण तिच्यात अख्खा रस्ता दिसतो. दिसतो खरा, पण चेहरा ओळखू येईल असा माणूस साधारण तीन मीटरच्या आत आला तरच. अनोळखी माणसाचा चेहरा नीट ओळखायला मीटरमागे सुमारे २५० पिक्सेल लागतात असा ढोबळ नियम आहे, आणि १९२० पिक्सेल रुंद चित्रात पसरले की लांबच्या माणसाच्या वाट्याला फार थोडे येतात. गेटवर ६ एमएम घ्या, ती कमी रुंद भाग पण मोठा करून दाखवते, पोर्चला २.८ ठेवा. उंची आठ ते नऊ फूट. त्याच्या वर लावला तर टोपी आणि टक्कल तेवढं मिळतं. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ पांढरी भिंत किंवा पत्रा नको, रात्री त्याचेच दिवे त्यावरून परावर्तित होऊन चित्र पांढरंफटक होतं. आणि कोळी. रात्रीच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, तो लेन्ससमोरच जाळं विणतो. महिन्यातून एकदा लांब दांडीच्या झाडूनं हलक्या हातानं झटकणं, एवढंच काम बाबांकडं द्या, आणि तेही जमिनीवर उभं राहून.

पासवर्डचं थोडक्यात. वायरचा सेट म्हणजे सुरक्षित असं नसतं, डीव्हीआर नेटला जोडला की तोही उघड्यावर आला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते, आणि त्याच्याकडं हत्यार काय होतं, तर कंपनीतून येणाऱ्या साठेक पासवर्डांची यादी. बसवणाऱ्यानं ठेवलेला पासवर्ड तो गेल्यावर बदला, माझाही बदला. आपल्याकडं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्यांची सक्ती २०२५ च्या एप्रिलपासून लागू झाली आहे. घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी आणि एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेची चाचणी झालेलं मॉडेल आहे का ते विचारा. जुना साठा स्वस्तात खपवणारे भेटतील.

तारीख-वेळ नीट ठेवा. डीव्हीआरच्या आत घड्याळाचा सेल असतो, तो संपला की लाईट जाऊन आल्यावर तारीख थेट २००० साली जाते. चोरी झाली आजच्या रात्री आणि फुटेजवर २००० सालची १ जानेवारी, असं घेऊन पोलीस ठाण्यात गेलात तर पंचाईत होते. नेटवरून वेळ जुळवायची सेटिंग चालू करा. आणि दुर्दैवानं वेळ आलीच, तर मोबाईलनं टीव्हीचं शूटिंग काढून पाठवू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे मूळ फाइलबरोबर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसाही, लिहावी लागते. डीव्हीआर बंद करू नका, कुणाला हात लावू देऊ नका, पोलिसांना सांगून जाणकाराकडून फाइल काढून घ्या.

तर तुमच्या घरासाठी माझं गणित असं. गेट, पोर्च, परस या तीन ठिकाणी तांब्याच्या केबलवरचे डीव्हीआरचे कॅमेरे, डीव्हीआर वरच्या खोलीच्या माळ्यावर, इन्व्हर्टरच्या लाईनवर, २ टीबी डिस्क. हॉलमध्ये एक वायफायचा. डीव्हीआर आठ चॅनेलचा, म्हणजे आठ कॅमेरे जोडता येतील असा घ्या, चारचा नको, पुढं बाबा गच्चीवरच्या टाकीसाठी एक मागतीलच. सगळं मिळून मजुरीसकट वीस ते पंचवीस हजारांत बसावं, डिस्कचे भाव कसे आहेत त्यावर थोडं वरखाली. कुणी दहात करून देतो म्हणाला तर केबल खरवडून बघा.

काम झाल्या झाल्या पूर्ण पैसे देऊ नका. दोन हजार मागं ठेवा आणि सांगा, उद्या सकाळी देते. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून पहाटे तीन वाजताचं प्लेबॅक चारही कॅमेऱ्यांचं काढून दाखवायला लावा. मग त्याच्यासमोर मेन स्विच पाडा आणि दहा मिनिटं चहा प्या. स्विच परत चढवल्यावर त्या दहा मिनिटांचंही प्लेबॅक मागा. तेवढा वेळ जो कॅमेरा कोरा निघेल, त्याची लाईन त्यानं इन्व्हर्टरवर घेतलेली नाही.